पोटानं मोडत आणलेली सोयरीक

आधी सगळ्यांनी चहा संपवून घ्या बरं! मधेच ठसका लागून चहा नाकातून आला, तर माझ्या नावानं ओरडायचं न्हाई. किस्सा असा आहे, की नांदेडातल्या एका अख्ख्या गल्लीला माझ्या पोटाची हालहवाल कळली. सांगितली कुणी? मीच! तीही बोंबलून!

मी लातूरला हायस्कुलात गणित शिकवतो. माणूस तसा सरळ. पण एका निरोप समारंभात जेवलो अन् पोट बिघडलं. आमच्या स्टाफमधल्या बाकीच्यांचं बिघडलं अन् सुधारलं. माझंही सुधारलं, पण पहिल्यासारखं काही राहिलं न्हाई. कधी मुरडा, कधी गुरगुर. कधी पोट असं फुगायचं की बसल्या जागी पट्टा सैल करावा लागायचा. अन् कधी फळ्यावर अर्धं समीकरण सोडून जी धूम ठोकायची, ती थेट मैदानाच्या टोकाला. राहिलेलं अर्धं समीकरण पोरं सोडवायची. खरं सांगू? त्या वर्षी बीजगणिताचा निकाल लई चांगला लागला!

सल्ले तर विचारूच नका. मुख्याध्यापक म्हणले, ओवा खा. शेजारीण म्हणली, ताक प्या. सासूबाई म्हणल्या, कुणाची तरी नजर लागली. मला, अन् नजर! माझ्याकडं बघून कुणाची नजर लागावी असं आहे काय माझ्यात, तुम्हीच सांगा.

शेवटी आमच्या मंडळींनी, म्हणजे सुनंदानं, मला धरून पोटाच्या डॉक्टरीणबाईकडं नेलं. रक्त तपासलं, सोनोग्राफी झाली, दुर्बीण घालून बघितलं. दुर्बीण कुठून घातली ते विचारू नका. मग मॅडम हसत म्हणाल्या, "सर, तुमची आतडी एकदम चांगली आहेत."

मला राग आला. "मॅडम, मग दुखून राहिलंय ते काय शेजाऱ्याचं?"

"आतडी दिसायला चांगली आहेत. वागायला चिडकी झालीत," त्या म्हणाल्या. "ह्याला आयबीएस म्हणतात. पोट आणि मेंदू दिवसभर एकमेकांशी बोलत असतात. तुमच्या त्या दोघांचं बोलणं बिघडलंय. साधा गॅस झाला तरी मेंदूला वाटतं आग लागली. आणि मेंदूला काळजी लागली, की आतडी पळायला लागतात."

"पण झालं कशानं?"

"एकच एक कारण सांगता येत नाही. कधीकधी पोटाचं जोरदार इन्फेक्शन होऊन गेल्यावर सुरू होतं. तुमचं तसं दिसतंय. आता ते कशानं भडकतं, तो तुमचा ट्रिगर आपण शोधायचा. कुणाला दूध सोसत नाही, कुणाला कांदा-लसूण, कुणाला तिखट, कुणाला गव्हाची पोळी. कुणाचं अवेळी जेवल्यानं भडकतं, कुणाचं झोप मोडल्यानं. एकेक गोष्ट थोडे दिवस कमी करून बघायची. सगळं एकदम बंद करायचं नाही, आणि जेवण चुकवायचं नाही. टेन्शन वगैरे असतं का काही?"

"छे! मला कसलं टेन्शन!" मी म्हणलो.

सुनंदाला तेव्हाच मोठा खोकला आला.

आता बघा, मॅडमनी एवढं फोड करून सांगितलं. पण मी पडलो गणिताचा मास्तर. 'एकेक' म्हणजे आमच्या दृष्टीनं वेळेचं नुकसान. मी म्हणलो, सगळे संशयित एकदम आत टाकू, मग एकेकाला जामिनावर सोडू! त्या दिवशी दूध बंद, गहू बंद, कांदा-लसूण बंद, मिरची बंद, डाळ बंद, चहा बंद. अन् जामिनावर? कुणीच सुटलं न्हाई. एकाला सोडायचं म्हणलं की मलाच भीती वाटायची, न जाणो हाच असला तर!

ताटात राहिला मऊ भात अन् मीठ. तरी शाळेत तपासणीला साहेब आले त्या सकाळी असा मुरडा आला म्हणता! मी घरी येऊन जाहीर केलं, "सापडला! भातच हाय तो!"

सुनंदा कपाळाला हात लावून म्हणली, "अहो, परीक्षा असली की दुखतंय, मीटिंग असली की दुखतंय, इतवारी दुखत न्हाई. भात तर रोजचाच हाय की!"

"तुला त्यातलं काय कळतंय?" मी म्हणलो.

हाव, असं म्हणलो. बायकोला. त्याची फळं पुढं मिळाली, थांबा जरा.

त्यातच आमच्या प्राजक्ताची सोयरीक निघाली. निघाली म्हणजे काय, पोरांनीच काढली. प्राजक्ता अन् नांदेडचा सुमेध, दोघं बी. फार्मसीला एका वर्गात. आता दोघंही नोकरीला लागलेले. पोरगा गुणी, घर आपल्यातलंच. आपल्याला फक्त जायचं, बसायचं, चहा घ्यायचा अन् हो म्हणायचं. मधे घालायला म्हणून माझे साडूभाऊ बाबुराव होते. त्यांचं कंधारला बी-बियाणाचं दुकान. माणूस देवमाणूस, पण भलताच लाजाळू. 'संडास' हा शब्द तोंडातून काढायची वेळ आली तर ते आधी आजूबाजूला बघतात.

निघायच्या आदल्या दिवशी प्राजक्ता माझ्याजवळ येऊन बसली. "पप्पा, एकच सांगते. फक्त नीट बसा. बाकी काही करू नका."

"बेटा, तू फिकीरच करू नको," मी म्हणलो.

अन् रात्रीपासूनच पोटात गुरगुर सुरू.

मग मी मोहीम आखली. दिवसभर पोटात काही जाऊच द्यायचं न्हाई! गाडीत पेट्रोलच नसलं तर गाडी पळणार कशी? सकाळी उपाशी निघालो. सोबत जिऱ्याच्या उकळलेल्या पाण्याची बाटली. लातूरहून नांदेड, एसटीचा प्रवास. लोक खिडकीतून शेतं बघत होते, मी कुठं कुठं सुलभ शौचालय आहे ते बघत होतो.

सुमेधचे वडील, गायकवाड पाव्हणे, दारात उभेच होते. एसटीतून रिटायर झालेले. सगळी नोकरी स्टँडवर माईकसमोर बसून गाड्या पुकारण्यात गेलेली. त्यामुळं आवाज असा, की 'या, बसा' म्हणले तरी आपल्याला वाटावं आपली गाडी सुटून राहिली.

"या, या, पाव्हणे! बसा!"

पण मी बसेन कशाला? अनोळखी घर, आधी जागा बघून ठेवलेली बरी. मी म्हणलो, "बसायचं नंतर. आधी घर तर बघू द्या!"

पाव्हण्यांच्या कपाळावर आठी आली, पण त्यांनी घर दाखवलं. मी काय घर बघणार? मी एकेक दार उघडून बघत होतो. हे कपाट. हे देवघरासारखं, बुद्धमूर्तीपुढं दिवा लावलेला. तिथं हात जोडले. ही पोरीबाळींची खोली. शेवटी जिन्याखाली, बैठकीच्या खोलीला लागूनच, पातळ फायबरचं दार. उघडलं. अहाहा! काय सांगू, माझ्या तोंडावर जे समाधान पसरलं असेल!

पाव्हणीण बाईंनी ते समाधान बघितलं. त्यांना वाटलं असेल, सोन्यासारख्या घरात ह्या माणसाला आवडलं ते काय, तर संडास.

बसलो. चहा आला. "नको, दूध चालत न्हाई मला." पोहे आले. "नको, कांदा हाय." पाव्हणे अर्धापूरचे, तिथं त्यांच्या भावाची केळीची बाग. घडातून निवडून आणलेली केळी पुढं केली. "घ्या, घरची हायत!" मी हात मागं घेतला. केळी तर माझ्या संशयितांतही नव्हती, पण म्हणलं, आजच्या दिवशी विषाची परीक्षा कशाला?

"बरं, निदान पाणी तरी घ्या." बाईंनी माठातलं गार पाणी आणलं.

अन् मी, शहाणा माणूस, पिशवीतून बाटली काढून म्हणलो, "पाणी मी माझंच आणलंय."

सुनंदानं माझ्या पायावर पाय दिला. मला वाटलं चुकून लागला, मी पाय मागं घेतला.

प्राजक्ता अन् सुमेधला बोलायला म्हणून गच्चीवर पाठवलं. खाली आम्ही मोठी माणसं. गायकवाड पाव्हणे घसा खाकरून म्हणले, "मग? सरळ इचारतो. आमचं घर, आमचा पोरगा तुमच्या पसंतीला हाय का न्हाई?"

आता हो म्हणायचं होतं. एक अक्षर! ज्याच्यासाठी एवढ्या लांबून आलो ते एक अक्षर! अन् बरोबर त्याच वेळी उपाशी पोटात असा मुरडा आला, की माझं तोंड कारलं खाल्ल्यासारखं झालं. मी काहीच न बोलता उठलो, अन् तडक खोलीतून चालता झालो.

बाहेरच्यांना काय दिसलं? पाव्हण्यानं झाडून सगळं घर बघितलं, चहा नाकारला, पोहे नाकारले, पाणी नाकारलं, अन् पोरगा पसंत आहे का विचारल्यावर तोंड वाकडं करून उठून गेला!

आत मी कडी लावून बसलो. अन् ते पातळ दार... अहो, बाहेरचा शब्द न् शब्द ऐकू येत होता! त्यातून बोलणारा माणूस माईकवरचा.

"बाबुराव! पसंत नसल तर तोंडानं सांगावं! आमच्या आज्याला लोकं वरून वतून पाणी देत व्हते. आम्ही ते दिवस मागं टाकले. आन् आज आमच्याच माणसाला आमच्या माठातलं पाणी चालना?"

ते ऐकून माझ्या पोटातला मुरडा काळजात गेला हो. माझ्याही आज्यानं तसंच पाणी पिलेलं. मी जिऱ्याच्या त्या बाटलीकडं बघितलं. वाटलं, तिच्यातच बुडून जावं. पण उठता येतंय कुठं!

आता बाबुरावांनी खुलासा करायचा होता. 'त्यांचं पोट बिघडलंय' एवढं म्हणायचं होतं. पण पाव्हणीण बाईंसमोर, बैठकीत, बाबुराव ते बोलणार? ते हळूच म्हणाले, "तसं न्हाई ओ पाव्हणे. जरा आतली अडचण हाय."

"आतली? म्हंजे?"

"नाजूक गोष्ट हाय. चारचौघांत कसं बोलावं..."

"घरातली हाय का?"

"घरातलीच की. लातूरला एका डॉक्टरीणबाईचं चालूये."

"डॉक्टरीणबाईचं?" हा पाव्हणीण बाईंचा आवाज. "काय झालंय?"

बाबुराव अजून हळू. "पोटाचंच म्हणा की."

मग पाव्हणीण बाई म्हणल्या, "अगं माय! पोटाचं? आन् किती दिवस झाले म्हणं?"

"झाले की महिने," बाबुराव म्हणले. "आधी कळालंच न्हाई कुणाला. आता तर बघा, दिसतंय बी."

पोट फुगतं ते दिसतंय, असं त्या देवमाणसाला म्हणायचं होतं हो! पण समोरच्यांनी काय ऐकलं असेल? गच्चीवर माझी लेक उभी, अन् खाली तिच्या नावाची अशी माती होऊन राहिलेली! सुनंदा काहीतरी बोलत होती, "अहो ताई, तसं न्हाई," पण गायकवाड पाव्हण्यांच्या आवाजापुढं तिचा काय टिकाव! "म्हणूनच घाई व्हती का मग? म्हणूनच बाप तोंड लपवून गेला का?"

लाज म्हणून जी काही चीज असते ना, ती त्या क्षणी मी खाली सोडली. अक्षरशः! अन् दारावर दोन्ही हातांनी बुक्क्या मारत बोंबललो,

"माझं! पोट माझं हाय! पोरीचं न्हाई! मला जुलाब हायत! जुलाब! माझं आतडं चिडकं हाय!"

बापरे! गच्चीवर आवाज गेला. गल्लीत गेला. समोरच्या घरातली बाई खिडकीतून ओरडली, "गायकवाड काका, काय झालं वो?"

अन् त्या माईकवाल्या माणसानं तेवढ्याच आवाजात उत्तर दिलं, "काही न्हाई! लातूरच्या पाव्हण्यायला जुलाब हायत!"

झालं. गाडी लागली म्हणून जसं पुकारतात तसं! मला वाटतं पार कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत गेलं असेल.

गच्चीवरून पोरं धावत खाली आली. सुमेधचा आवाज आला, "बाबा, सरांना आयबीएस हाय. प्राजक्तानं मला कधीच सांगितलंय."

"आरं मग आम्हाला का न्हाई सांगितलं?"

"तुमी माईक धरल्यावानी सगळ्यांना सांगाल म्हणून!"

आधी पाव्हणीण बाई हसल्या. मग सुनंदा. मग बाबुराव सोडून सगळे. अन् दारावर टकटक झाली. गायकवाड पाव्हणे, जमेल तेवढ्या हळू आवाजात म्हणले, "सर, सावकाश येऊ द्या. आमची गाडी तुम्हाला घेतल्याबिगर सुटत नसती."

तुम्हाला सांगतो, कुठल्याच सत्कारात मला इतकं भरून आलं न्हाई. फक्त तिथं बसून डोळे पुसावे लागले, एवढंच.

बाहेर आलो. मान खाली. पाव्हणीण बाईंनी माठातल्या पाण्याचा तांब्या पुढं केला. मी अख्खा तांब्या घटाघटा रिकामा केला. मग हात जोडले अन् सगळं सांगितलं. दुर्बिणीसकट! गायकवाड पाव्हणे ऐकत होते. शेवटी म्हणले, "सर, मला खरंच वाटलं तुमी आमाला नाकारलं. रात्रभर मी बी झोपलो नव्हतो. पोराच्या मनात भरलेली पोरगी, तिचा बाप कसा असतो काय की!"

म्हणजे बघा, भीती दोन्ही बाजूंना होती. माझी फक्त जरा लवकर बाहेर पडली.

मग 'हो' झालं, पेढा झाला, अन् पानं वाढली. मटणाचा तर्रीदार रस्सा, ज्वारीची भाकरी, वर चिरलेला कांदा. सगळे संशयित एका ताटात! सुनंदा माझ्याकडं बघून राहिली. पण काय की, मन असं हलकं झालं होतं, की मी दोन भाकरी चुरून खाल्ल्या. अन् पोट? गप! एसटीत बसलो तो थेट लातूरला जागा झालो. एकही सुलभ बघितला न्हाई.

दुसऱ्या दिवशी तर्रीनं थोडी आठवण करून दिली, खोटं कशाला बोलू? पण ती तेवढ्यापुरती. मुरडा न्हाई, पळापळ न्हाई.

पुढच्या आठवड्यात सुनंदानं मला परत डॉक्टरीणबाईंपुढं उभं केलं. सगळा किस्सा तिनंच रंगवून सांगितला. मॅडमनी हसू आवरत चष्मा पुसला. "सर, दिवसभर उपाशी, रात्रीची झोप नाही, लांबचा प्रवास, आणि वर एवढी धास्ती! ह्यानं चांगल्या माणसाचंही पोट बिघडेल. तुम्ही निष्पाप कांद्याला एवढे दिवस कोंडून ठेवलंत! आता सगळ्यांना थोडं थोडं परत चालू करा. तिखट बेतानं. वेळेवर जेवा, वेळेवर झोपा, थोडं चाला. आणि 'मला कसलं टेन्शन' हे म्हणणं आधी बंद करा."

"बरोबर हाय मॅडम," मी म्हणलो. "पण एवढ्या सगळ्यांत माझा मोठा ट्रिगर नेमका कोणता?"

मॅडम काही बोलायच्या आत सुनंदा म्हणली, "मी सांगू का मॅडम? ह्यांच्या पोटाला दूध सोसतंय, कांदा सोसतोय, मटणसुद्धा सोसतंय. फक्त हे सोसत न्हाईत!"

मॅडमनी माझ्याकडं वरपासून खालपर्यंत बघितलं अन् अगदी गंभीरपणे म्हणाल्या, "मग अवघड आहे. ह्यांना पूर्ण बंद तर करता येणार नाही. थोडं थोडं, बेतानं घ्यावं लागेल."

"लग्न झाल्यापासून तेच करून राहिले की मी!" सुनंदा म्हणली.